खडीवरचे दिवस

जात्याच्या घरघरीने तुम्हाला जाग येते. अजून उजाडलेलं नाही. तुम्ही अंगणात बाजेवर आहात आणि अंगावर कुणीतरी रात्री टाकलेली गोधडी आहे. हा १९७३ चा मे महिना, आणि मुलूख आहे बीड आणि नगर जिल्ह्यांच्या शिवेवरचा. कॅलेंडर काहीही सांगो, या दिवसांना इथली माणसं पुढे जन्मभर 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणणार आहेत. आधीच्या वर्षांतही पावसाने ओढ दिली होती, पण बहात्तरचा खरीप गेला आणि घरातल्या कणग्यांचा तळ दिसला.

जात्यात पडतेय ती मिलो. अमेरिकेतून बोटीने आलेली, रेशनवर मिळणारी तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकटाई नाही. भाकरी थापायला घेतली की कडेला चिरा जातात, आणि तव्यापर्यंत ती अख्खी पोचली तर नशीब. शाळूच्या पांढऱ्या भाकरीवर वाढलेल्या या माणसांच्या घशाखाली ती उतरत नाही. म्हातारी मात्र गातेय. ओवीत नेहमीप्रमाणे भाऊ आहे, पंढरीची वाट आहे, आणि मधेच आज या तांबड्या ज्वारीलाही तिने ओढून आणलंय. परदेशातून आलेली ही पाहुणी कुणाशी सोयरीक जमवायला आली, असं काहीतरी ती विचारतेय. समोर खुंट्याला हात लावून बसलेली सून आधी हसू दाबते, मग दाबत नाही. दोघींचा हात क्षणभर थांबतो आणि जातंही थांबतं.

पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज पहाटेची ही ओवी त्यांच्यापर्यंत पोचेल असं नाही. तुम्ही ऐकलीत, तेवढं बरं झालं.

तांबडं फुटायच्या आत सगळे निघतात. डोक्यावर घमेली, घमेल्यात हातोडे, फडक्यात भाकरी, कडेवर पोरं. तुम्हीही चालू लागा. वाटेत जो ओढा तुम्ही ओलांडता त्यात पाण्याची आठवणसुद्धा नाही. दुष्काळी कामावर पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं. रस्त्याच्या कडेला एका रांगेत बसलेली माणसं नजर जाईल तिथपर्यंत दिसतात. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख भरली होती, आणि या महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं आहेत. दर दहा माणसांतलं एक माणूस आज खडी फोडतंय, नालाबंडिंगवर माती वाहतंय, नाहीतर पाझर तलावाच्या भिंतीवर उभं आहे.

मुकादम मस्टरवर नाव चढवतो आणि तुमच्या हातात हातोडा येतो.

"कुण्या गावचं लेकरू गं हे?" शेजारची मावशी विचारते. तुमचं उत्तर यायच्या आत तिला तुमचे हात दिसतात आणि ती सगळं समजते. स्वतःच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून ती तुमच्या बोटांना गुंडाळते. "दगुड हातानं धरू नको. पायानं दाब. आन् आधी त्याची रेघ बघ, रेघंवर हाण."

तुम्ही हाणता. ठिणगी उडते आणि दगड तसाच. पाचव्यांदा त्याचा टवका निघतो आणि तुमच्या नडगीवर बसतो. संध्याकाळपर्यंत हेच करायचं आहे. ओव्हरसिअर येऊन ढीग मोजणार, ब्रासच्या हिशेबाने दाम ठरणार, आणि शंभर घनफुटांचा एक ब्रास पुरा व्हायला किती दगड लागतात हे तुमचा खांदा तुम्हाला आज शिकवणार. दिवसाकाठी हाती पडणार दोन-तीन रुपये. तेही आठवड्याने, आणि पुष्कळदा आठवडा उलटून गेल्यावर.

पंधराएक वर्षांची एक मुलगी तुमच्या पुढ्यातच बसली आहे. तिच्या हातोड्याखालून एकदम वेगळा आवाज येतो, जरा पोकळ. दगड उभा दुभंगतो आणि मुलगी हातोडा खाली ठेवते.

काळ्याकुट्ट दगडाच्या पोटात लिंबाएवढी पोकळी आहे. तिच्या सगळ्या भिंतींवर बारीक स्फटिक दाटीने उभे आहेत, काही दुधी, काही आरपार दिसणारे. उन्हाकडे धरलं की त्यातून एक फिकट हिरवी झाक फिरते. गारगोटीची खाणच. तुम्ही शाळेत शिकलेलं आठवा: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले, निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्याने कण कण आणून हे स्फटिक वाढवले. या पोकळीत ऊन आज पहिल्यांदा शिरलं. पोटासाठी दगड फोडणाऱ्या एका मुलीने ते आत सोडलं. दख्खनच्या अशा स्फटिकांसाठी जगभरचे संग्राहक पैसे मोजतात, पुढे सिन्नरला त्यांचं संग्रहालयच उभं राहणार आहे. मुलीला यातलं काही माहीत नाही, आणि तिच्या आनंदाला त्याची गरजही नाही.

"आगं बया! महादेवाचं देऊळ हाय हे," मावशी म्हणते. दगड हातोहात फिरू लागतो. पाटलाच्या घरची सून, जी आजवर उंबऱ्याबाहेर कामाला आलेली नव्हती आणि इथेही पदर नाकापर्यंत ओढून बसते, तिचा पदर दगड बघताना खांद्यावर येतो. तिच्याकडून तो बौद्धवाड्यातल्या बाईकडे जातो. ती आपल्या लहानग्याला झोळीतून काढून दाखवते, आणि पोरगं चमकतंय तिथे जीभ लावतं. सगळी रांग हसते. मुकादम ओरडत येतो, "काम बंद का?" त्याच्याही हातात दगड दिला जातो. तो उलटसुलट करून बघतो, पुन्हा बघतो, आणि ढिगात टाकायचा सोडून मुलीला परत देतो. ती तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधते.

मी याला समता म्हणणार नाही. थोड्याच वेळात पाणी पाजणारी बाई येते, आणि बौद्धवाड्यातल्या त्याच बाईच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतलं जातं, तिचा हात भांड्याला लागणार नाही अशा बेताने. ज्या हातांतून दगड बिनदिक्कत फिरला, त्या हातांमध्ये पाण्याने पुन्हा भिंत घातली. तुम्ही हे दोन्ही बघितलंत. दोन्ही लक्षात ठेवा.

दुपारी सुकडी येते. गोड, भरड, तोंडात कोरडी पडणारी. पोरं तिच्यासाठी सकाळपासून वाट बघत असतात, आणि आयांनी आपल्यातली अर्धी आधीच त्यांच्यासाठी बाजूला काढलेली असते. वाटप करणाऱ्या बाईने आज एक नियम काढलाय: ज्यांची लग्नं या वर्षात झालीत त्यांनी नाव घेतल्याशिवाय सुकडी मिळायची नाही. एक नवी नवरी लाजून चूर. तिचा नवरा चार ढीग पलीकडे मान खाली घालून दगड फोडतोय, गरजेपेक्षा फारच जोरात. नवरी आढेवेढे घेते, आणि मग एका दमात असा उखाणा टाकते की त्यात मस्टर येतं, मुकादमाच्या मिशा येतात, मिलोची भाकरी येते आणि शेवटी यमकाला बरोबर नवऱ्याचं नाव. लिंबाखाली बसलेल्या बायका एकमेकींच्या अंगावर कोसळतात. मुकादमाचा हात नकळत मिशीकडे जातो. तुमच्या पोटात कळ येते, आणि ती भुकेची आहे की हसण्याची हे सांगता येत नाही.

त्यांना गंमत कुणी आयती आणून दिली नाही. उठायचं कसं हे कळेनासं होईल इतक्या थकव्यात, उखाणा घ्यायला लावायचं हे त्या वाटप करणाऱ्या बाईने ठरवलं होतं. रोज काहीतरी काढायचं हे तिनं स्वतःवर घेतलेलं काम होतं. त्याची हजेरी कुठल्याच मस्टरवर लागली नाही.

ओव्हरसिअरने डबा ज्यात गुंडाळून आणला तो वर्तमानपत्राचा जुना कागद कुणीतरी वाचून दाखवतं. तिकडे मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध बायकांचे मोर्चे काढताहेत, हातात लाटणी घेऊन. "लाटणं?" मावशी पुन्हा विचारून घेते. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते बघण्यासारखं आहे.

संध्याकाळी परत येताना एका घरापुढे थांबा. गोठ्यात दोन खुंटे आहेत, बैल नाहीत. चारा नाही म्हणून बाजारात मातीमोल गेले. धनी दारात बसून त्यांची घुंगरमाळ राखेने घासतोय. विकताना ती तेवढी त्याने काढून घेतली. पाच-सहा वर्षांचा मुलगा येतो, ती माळ स्वतःच्या गळ्यात घालतो आणि अंगणात डुलत फिरू लागतो. बाप आधी रागाने उठतो. मग काय होतं कोण जाणे, तो पोराच्या मागे उभा राहतो, हातात नसलेला कासरा धरतो आणि म्हणतो, "हा... हा... चल माझ्या राजा." अंगणाची नांगरट दिवेलागणीपर्यंत चालते. आई आतून दोनदा जेवायला हाक मारते आणि तिसऱ्यांदा मारत नाही.

आता चार दिवस पुढे चला. पगार झालाय आणि आज आठवडी बाजार आहे. मीठ, तेल, मिरची, काडेपेटी आणि वाण्याची उधारी, एवढ्यात पैसे संपतात. संपायलाच हवेत. तरी मावशी तुम्हाला कासाराकडे ओढून नेते. खडी फोडताना काचेच्या बांगड्या टिकत नाहीत. आठ दिवसांत तिचे दोन्ही हात जवळजवळ मोकळे झालेत. कासार तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतो, पंजा दाबून चारी बोटं एकत्र आणतो, आणि हाताला पडलेले घट्टे बघून जरा थांबतो. मग अंगठ्याच्या सांध्यावरून एक हिरवी बांगडी अशी सरकवतो की कुठे खरचटत नाही. हात एवढा कडक झाल्यावर बांगडी चढवणं सोपं नसतं, त्यासाठी कसब लागतं. एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन. जास्त घ्यायला पैसे नाहीत. शेवटी तो एक बांगडी फुकट चढवतो आणि मावशी भांडल्यासारखं करून ती ठेवून घेते. परतीच्या वाटेवर ती काही कारण नसताना पदर नीट करत राहते. बांगड्या वाजतात म्हणून.

रात्री माळावर तंबूच्या टुरिंग टॉकीजमध्ये दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' लागलाय. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे आहेत ते आत, नाहीत ते कनातीला कान लावून बाहेर. हशा दोन्हीकडून येतो. बाहेरचा किंचित उशिरा.

परत फिरण्याआधी एक सांगतो. असल्या क्षणांनी दुष्काळ सोपा झाला असं कुणी म्हणालं तर मानू नका. झोळीतल्या पोरांची हाडं मोजता येत होती. मजुरी कमी होती आणि ती वेळेवर मिळत नव्हती. माणसं हसत होती म्हणून सरकारची जबाबदारी तसूभरही कमी होत नव्हती, आणि ती कमी होत नव्हती हे मान्य करणारे काही लोक तेव्हा सत्तेतही होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. दुष्काळाने त्या कल्पनेची गरज सगळ्या राज्याला दाखवून दिली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ मध्ये संसदेने देशासाठी जो कायदा केला त्याच्या मुळाशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता. खडीवर बसलेल्या त्या रांगांचं हे देणं आहे. त्यांनी बांधलेल्या कितीतरी पाझर तलावांत आजही पावसाचं पाणी साठतं, आणि त्यांनी फोडलेल्या खडीवरून आपल्या गाड्या जातात.

दगड पदरात बांधणारी ती मुलगी आज असली तर सत्तरीच्या उंबरठ्यावर असेल. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत तिच्या वयाची बाई नक्की असेल. बहात्तरबद्दल तिला सगळे एकच विचारतात: काय खाल्लंत, कसे जगलात? तुम्ही तिच्याजवळ बसा आणि खडीवर तुम्ही हसत कशाला होतात, ते विचारा. आणि हे लवकर करा. ज्यांना ते आठवतं अशी माणसं दरवर्षी कमी होताहेत.