प्रबोधनकालीन कला
पंधराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील फ्लॉरेन्स येथे बहरलेली कलापरंपरा. ग्रीक-रोमन शिल्पांचा अभ्यास, शरीररचनेचे ज्ञान आणि यथादर्शन (सपाट पृष्ठावर खोलीचा भास निर्माण करण्याची रीत) यांवर ती उभी राहिली. वास्तुकार ब्रूनेल्लेस्कीने यथादर्शनाची रीत प्रयोगाने दाखवली. चित्रकार माझात्चोने ती भिंतीवर उतरवली. लिओनार्दो दा व्हिंचीच्या मिलानमधील ‘द लास्ट सपर’ (१४९५–९८) या चित्रात ख्रिस्ताच्या उजव्या कानशिलापाशी खिळ्याचे बारीक भोक आहे. चित्रातील दालनाच्या साऱ्या रेषा तिथेच येऊन मिळतात. ओल्या गिलाव्याऐवजी कोरड्या भिंतीवर रंगवल्याने लिओनार्दोच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटू लागले, ही कलेची मोठीच हानी. मायकेलअँजेलो सिस्टाइन चॅपेलचे छत (१५०८–१२) रंगवत असताना जवळच्याच दालनात राफाएल ‘स्कूल ऑफ अथेन्स’ साकारत होता. रंगाच्या वैभवात मात्र व्हेनिसचा तिशियनच श्रेष्ठ.