खाकी लुगड्यातली बाई

आमच्या आजीच्या बोलण्यात ‘ती चित्रातली बाई’ सारखी यायची. घेवडा निवडताना, वाती वळताना, कधी उगाचच. “खाकी लुगडं गं, चापून-चोपून नेसल्यालं. आन् कानाला टेलिफोनचं यंत्र.” मला लहानपणी वाटायचं, ही कुणीतरी आमच्या नात्यातलीच असणार.

आजीचे वडील पाचगणीला एका पारशी बंगल्यावर माळी होते. एप्रिल लागला की मुंबईची मंडळी वर यायची, आणि सिल्व्हर ओकच्या सावलीतले बंद बंगले जागे व्हायचे. आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. मोटार स्टँडजवळच्या भिंतीवर तिनं ते चित्र पाहिलं. तिची धाकटी बहीण मात्र शपथेवर सांगायची, की चित्र भिंतीवर नव्हतंच, बंगल्यातल्या इंग्रजी मासिकात होतं. दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी हा वाद मिटला नाही. खाली काय लिहिलंय ते बंगल्यातल्या पारशीण बाईंनी वाचून दाखवलं, एवढं दोघींना मान्य होतं. सरकारला लढाईच्या कामासाठी बाया पाहिजेत, असं.

चित्र खरंच असणार. 1942 साली इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात बायकांचं एक दल उभं केलं, ‘विमेन्स ऑक्झिलरी कोअर’. ऑफिसातली लिखापढी, टाइपरायटर, टेलिफोन, गाडी चालवणं अशी कामं बायकांनी उचलायची, म्हणजे तेवढे पुरुष आघाडीवर पाठवता येतील, असा हिशेब. गणवेशात खाकी साडीसुद्धा होती. युद्ध संपेपर्यंत दहा हजारांहून जास्त बायका त्यात दाखल झाल्या. हिंदी, अँग्लो-इंडियन, गोऱ्या, सगळ्या. बंगल्यातली एक भाचीही गेली म्हणतात. सुट्टीवर आली तेव्हा आजीनं तिच्या साडीला हात लावून पाहिला होता. “जाड होती, पण बरी होती.”

आजीनं वडलांना विचारलं, मी जाऊ का? ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात तिला पसरणीचा घाट उतरवून वाईकडे मामाच्या गावी धाडलं.

तिथं दुसरीच भरती चालली होती. आमचा सातारा जिल्हा तेव्हा मोठा, सांगलीकडचा मुलूखही त्यातच. ‘चले जाव’नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार त्याच मुलखात उभं राहिलं. त्यांची लेक हौसाताई साधारण आजीच्याच वयाची. ती प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या कामात उतरली होती. आणि गंमत बघा, त्याच जिल्ह्यातली पोरं मराठा पलटणीत भरती होऊन पार इटलीपर्यंत पोचली होती. आजीचा थोरला भाऊ त्यातलाच. त्याची मनीऑर्डर यायची, आणि त्याच पैशातल्या ज्वारीच्या भाकरी भूमिगतांकडे जायच्या. घराला यात काही वावगं वाटत नव्हतं.

भाकरी न्यायचं काम आजीचं. पाटीत खाली भाकरी, वर शेणी. मधे लसणाची चटणी आणि कांदा. किसन वीर आमच्या वाईकडचे, कवठ्याचे. येरवड्याचा तुरुंग फोडून ते निसटले, तेव्हा त्यांनीही तिच्या हातची भाकरी खाल्ली, असं आजी सांगायची. मामा म्हणायचे, “ते किसन वीर नव्हते, दुसरंच कोणतरी होतं.” मी आजीच्या बाजूनं आहे.

1944 च्या जुलैत गांधीजी तुरुंगातून सुटल्यावर विश्रांतीला पाचगणीत आले, ‘दिलखुष’ बंगल्यात उतरले. आजी पुन्हा घाट चढून गेली. गर्दीत तिला त्यांचा पंचा तेवढा दिसला. तो दिवस सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा, मग ती थांबायची आणि चहाचं आधण ठेवायची. गवती चहा भरपूर, साखर कमी. रेशनच्या दिवसांची ती सवय शेवटपर्यंत गेली नाही.

युद्ध संपलं, ते बायकांचं दलही मोडलं. डॉक्टर आणि नर्स सोडल्या, तर फौजेत अधिकारी म्हणून बायकांना घ्यायला 1992 उजाडलं. आणि 30 मे 2025 ला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या 17 मुली संचलन करत बाहेर पडल्या. टीव्हीसमोर बसले असताना मला शेजारी आजीची जागा रिकामी दिसली.

चित्रातल्या बाईच्या दलात आजीचं नाव नव्हतं, आणि तुफान सेनेच्या कुठल्या यादीतही नाही. माझ्या लेखी ती भरती झालेली होती. सोळाव्या वर्षी, डोक्यावर पाटी घेऊन.

त्या वेळी दहा-बारा वर्षांच्या असलेल्या पोरी आता नव्वदीच्या पुढं आहेत. तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर तिच्याजवळ बसा. भाकरी कुणासाठी थापल्या, कुठल्या वाटेनं नेल्या, ते विचारा, आणि त्या वाटेवरच्या गावांची नावं लिहून घ्या. माझ्याकडून आजीच्या वाटेवरची लिहून घ्यायची राहिली.