कॉलेजची फी आणि प्राप्तिकर

नांदूरघाट हें बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील गांव. येथील शेतकऱ्यानें उच्च शिक्षणासाठीं मूल अंबाजोगाईस किंवा बीडला धाडलें, तर फीइतकाच, किंबहुना अधिकही, भार खोलीभाड्याचा आणि खाणावळीचा पडतो. अशा घरास करांत सूट देऊन सरकारनें कधीं हातभार लावला काय, या प्रश्नाचें उत्तर एका जुन्या कायद्यांत आहे.

१८५७ च्या उठावानें रिती झालेली तिजोरी भरण्यासाठीं जेम्स विल्सन यानें १८६० सालीं हिंदुस्थानांत प्राप्तिकर आणला. १८८६ च्या कायद्यानें शेतीचें उत्पन्न त्यांतून वगळलें, आणि १९२२ व १९६१ च्या कायद्यांनीं तीच वाट धरली. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यानें ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथें चालत नसे. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची सत्ता संपली, आणि १ एप्रिल १९५० पासून भारताचा प्राप्तिकर हैदराबाद राज्यास लागू झाला. कायदा मराठवाड्यांत आला खरा. पण शेतकऱ्याच्या उंबऱ्याबाहेरच थांबला.

मुलांच्या शिक्षणाचा खर्च ही करदात्याची खासगी बाब, अशीच सरकारची धारणा दीर्घकाळ होती. मध्यंतरीं उच्च शिक्षणाच्या खर्चास थोडी सूट कांहीं वर्षें मिळाली आणि काढूनही घेण्यांत आली. २००३ सालीं मात्र कलम ८८ मध्यें दोन मुलांच्या शिक्षणशुल्कास, दर मुलामागें १२,००० रुपयांपर्यंत, स्थान मिळालें. ही सूट उत्पन्नांतून नव्हे, तर प्रत्यक्ष करांतूनच वजा होई. दोन वर्षांनीं कलम ८८ जाऊन कलम ८०सी आलें. तेव्हांपासून शुल्क उत्पन्नांतून वजा होऊं लागलें, आणि तेंही विमा, भविष्यनिर्वाह निधि इत्यादींसह मिळून एक लाखाच्या मर्यादेंत. ही मर्यादा २०१४ सालीं दीड लाख झाली. देणगी व विकासनिधि यांस तींत जागा नव्हती. खोली, खाणावळ, पुस्तकें यांसही नव्हती. नोकरदाराच्या भत्त्यापैकीं शिक्षणाचे दरमहा १०० आणि वसतिगृहाचे ३०० रुपये दर मुलामागें करमुक्त असत. हे आंकडे वीस वर्षांहून अधिक काळ जागचे हलले नाहींत. तीनशें रुपयांत कोणती खाणावळ महिनाभर जेवूं घालते, हें आंकडे ठरविणाऱ्यांनाच ठाऊक!

या सवलतींचा लाभ ज्याला कर भरावा लागतो त्यालाच. गांवच्या शाळेतील शिक्षक फीची पावती कचेरींत देतो आणि त्याच्या पगारांतून कापला जाणारा कर कमी होतो. शेजारच्या शेतकऱ्याकडेही तशीच पावती असते. परंतु त्याला करच नाहीं, तेव्हां वजा कशांतून करावयाचें? मुकादमाकडून उचल घेऊन साखरपट्ट्यांत जाणाऱ्या ऊसतोड कामगाराची गतही तीच.

त्यांच्यासाठीं वाट निराळी निघाली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतांना १९५९ सालीं आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांस फीमाफी सुरू झाली; तीच ‘ईबीसी’ या नांवानें घरोघर ओळखली गेली. १९५६ च्या नोव्हेंबरांत मराठवाडा मुंबई राज्यांत आलेला असल्यानें बीडकरांसही ती मिळाली. जुलै २०२४ मध्यें, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली. या मार्गावर मोठी किल्ली म्हणजे उत्पन्नाचा दाखला. शिक्षक आपलें उत्पन्न सांगून सूट मागतो. शेतकरी उत्पन्न थोडें असल्याचें तहसील कचेरींत सिद्ध करून माफी मागतो. एकाच गांवांतील दोन घरांस एकाच कॉलेजच्या फीसाठीं अशा दोन दारांशीं उभें राहावें लागतें.

शिक्षकाचें दारही पुढें अरुंद झालें. २०२० सालीं कमी दरांची नवी करपद्धति आली, तींत शिक्षणशुल्काची वजावट नाहीं. २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धति ठरली. जुनी पद्धति हवी असल्याचें वेळेवर कळविलें नाहीं, तर फीची पावती कपाटांतच राहते.