अंत्युखियाची पंगत

ख्रिस्ती धर्मविचारात ‘कृपा’ आणि ‘नियमशास्त्र’ हे दोन शब्द फार पूर्वीपासून एकमेकांसमोर उभे केलेले आढळतात. मनुष्य तरतो तो देवाच्या कृपेने आणि त्या कृपेवरील विश्वासाने, की शास्त्राने लावून दिलेले आचार बिनचूक पाळल्याने, असा हा प्रश्न आहे. त्यावर ग्रंथांमागून ग्रंथ झाले, धर्मसभा भरल्या, युरोपात तर त्यापायी राज्येच्या राज्ये दुभंगली. एवढ्या थोर वादाचा आरंभ एखाद्या तत्त्वज्ञाच्या एकांतातील चिंतनात झाला असेल, असे कोणासही वाटावे. परंतु हा वाद खऱ्या अर्थाने पेटला तो जेवणाच्या पंगतीत. कोणी कोणाच्या मांडीला मांडी लावून जेवावे, एवढाच तेथे मुद्दा होता. पंक्तिभेद, अन्नोदकव्यवहार आणि ग्रामण्य हे शब्द ज्या भाषेत रुळले, त्या भाषेच्या वाचकाला हा प्रसंग समजण्यास फारसे सायास पडू नयेत.

ज्या नगरात हा प्रसंग घडला त्याचे नाव अंत्युखिया. चंद्रगुप्त मौर्याशी तह करून पाचशे हत्ती घेऊन परत गेलेला सेल्यूकस आपल्या परिचयाचा आहे. त्यानेच इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास ओरोंतीस नदीच्या काठी हे नगर वसवले आणि त्याला आपल्या पित्याचे नाव दिले. आज ते अंताक्या या नावाने तुर्कस्तानात मोडते. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्याची मोठी धूळधाण झाली. रोमन अमदानीत मात्र ते सिरिया प्रांताची राजधानी होते आणि रोम व अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल त्याची गणना होई. ग्रीक, सिरियन, यहुदी असे नाना तऱ्हेचे लोक तेथे नांदत. येशूला क्रुसावर दिल्यानंतर काही वर्षांत त्याचे शिष्य यरुशलेमहून पांगले, त्यांतील काहीजण येथे आले, आणि त्यांनी यहुद्यांबरोबर परराष्ट्रीयांनाही आपल्या मंडळीत घेतले. ‘ख्रिस्ती’ हे नाव या लोकांना पहिल्याने पडले तेही याच नगरात.

हे यहुदी आणि परराष्ट्रीय एकत्र जेवत असत. त्या काळी प्रभुभोजन हा वेदीवरचा स्वतंत्र विधी झालेला नव्हता. मंडळीच्या रोजच्यासारख्या जेवणातच तो सामावलेला असे. म्हणजे पंगत एक, तर उपासना एक; पंगत मोडली, की उपासनाही मोडली.

इ. स. ४८-४९ च्या सुमारास येशूचा पट्टशिष्य पेत्र अंत्युखियास आला. तोही या मिश्र पंगतीस बसू लागला. पुढे यरुशलेमहून काही माणसे आली. तेथील मंडळीचा प्रमुख होता याकोब, येशूचा भाऊ. ही त्याच्याकडची माणसे. ती आल्यावर पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा जेवू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी शिष्यही उठले. पौलाच्या बरोबरीने परराष्ट्रीयांत हिंडलेला बर्णबा, तोसुद्धा त्यांच्यामागून गेला. तेव्हा पौलाने सर्वांच्या देखत पेत्राला तोंडावर दोष दिला. ही हकिकत नंतर कोणी रचलेली नाही. पौलाने स्वतःच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ती सांगितली आहे, आणि ते पत्र प्रसंगानंतर थोड्याच वर्षांत लिहिलेले आहे.

येथे पेत्राला भ्याड ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु इतिहास वाचणाऱ्याने त्याची अडचण समजून घेतली पाहिजे. यहुदी माणसाच्या लेखी नियमशास्त्र ही देवाने आपल्या पूर्वजांशी केलेल्या कराराची खूण होती. ते त्याला ओझे वाटत नसे. त्याच्या वाचनाचे चक्र पूर्ण झाले म्हणजे शास्त्राच्या गुंडाळ्या उराशी धरून नाचण्याचा उत्सव यहुदी लोक आजही करतात. शिवाय या आचारासाठी त्यांनी रक्त सांडले होते. सेल्यूकसच्याच वंशातील चौथा अंतियोख याने इ. स. पूर्व १६७ मध्ये यहुद्यांचा धर्माचार बंद पाडण्याचा हुकूम काढला. त्या वेळची एलाजार नावाच्या नव्वद वर्षांच्या शास्त्र्याची कथा मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. त्याला डुकराचे मांस खाण्याची सक्ती झाली. ओळखीच्या लोकांनी हळूच सुचवले, की तू आपल्या शास्त्राला चालणारे मांस घेऊन ये आणि राजाचेच खातो आहेस असे दाखव. त्या वृद्धाने नकार दिला. या वयात मी ढोंग केले तर तरुणांनी कोणाकडे पाहावे, असे त्याचे म्हणणे होते. त्याला हाल करून मारण्यात आले. अशा स्मृती ज्या समाजाने दोनशे वर्षे जपल्या, त्याला ताटात काय आहे आणि शेजारी कोण आहे हे प्रश्न क्षुल्लक कसे वाटावेत?

त्यात काळही बिकट होता. इ. स. ४० मध्ये रोमचा बादशहा कालिगुला याने आपला पुतळा यरुशलेमच्या मंदिरात बसवण्याचा घाट घातला होता. यहुदियात रोमविरुद्ध असंतोष धुमसत होता, इ. स. ६६ मध्ये त्याचा उघड बंडात स्फोट झाला आणि ७० मध्ये मंदिर जळून गेले. अशा दिवसांत परक्यांशी अन्नव्यवहार ठेवणारा यहुदी हा स्वजनांना फितूर वाटणारच. याकोबाला यरुशलेमात, त्या लोकांतच राहायचे होते. त्याने जो निरोप पाठवला असेल, त्यात दुष्टावा होता असे मानण्याचे कारण नाही. पुढे ६२ मध्ये त्यालाही प्रमुख याजकाने दगडमार करवून मारले.

आपल्याकडे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जे चहापान झाले, त्याची येथे आठवण होते. चहाचा पेला पुढे आला, कोणी तो घेतला, कोणी नुसता हाती धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. चहात पाप नाही हे रानड्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? स्नेह्यांची कुचंबणा त्यांच्याने पाहवेना. पेत्राचीही गत बहुधा हीच असावी. माणसे नेहमी श्रद्धेच्या अभावानेच मागे सरतात असे नाही. आपल्या माणसांच्या ओढीनेही सरतात.

मग पौल एवढा का खवळला? तो काही आचारांचा तिटकारा असलेला माणूस नव्हता. तो परूशी पंथातला, शास्त्राभ्यासात समवयस्कांच्या पुढे गेलेला, आणि एके काळी याच आचाराच्या कैवाराने येशूच्या शिष्यांचा छळ केलेला. अंत्युखियात परराष्ट्रीयांनी सुंता करून घ्यावी असे पेत्राने कोणासही सांगितले नव्हते. त्याने तोंडातून अक्षर काढले नाही. तो फक्त पानावरून उठला. पौलाला दिसले ते हे, की त्या उठण्यातच हुकूम आहे. थोर माणूस पंगत सोडतो तेव्हा मागे राहिलेल्याला एकच अर्थ कळतो : तू अजून पुरता आमचा नाहीस; आमच्यासारखा हो, मग बस. ख्रिस्ताने ज्याला स्वीकारले आहे त्याला मंडळीने पुन्हा पारखून घ्यायचे असेल, तर ख्रिस्ताचे मरण फुकट गेले, असा पौलाच्या युक्तिवादाचा रोख आहे. माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो, हे त्याचे प्रसिद्ध प्रतिपादन गलतीकरांच्या पत्रात या पंगतीच्या हकिकतीला लागूनच येते. त्याच्या पुष्ट्यर्थ तो अब्राहामाचा दाखला देतो. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. नियमशास्त्र त्यानंतर चारशे तीस वर्षांनी आले. जे मागाहून आले ते आधीच्या वचनाला रद्द करू शकत नाही, असा हा एखाद्या वकिलाला शोभणारा मुद्दा आहे.

या भांडणात जय कोणाचा झाला? पेत्राने चूक कबूल केली असे पौल कोठेही लिहीत नाही, आणि आपली बाजू वरचढ ठरली असती तर ते लिहिल्यावाचून तो राहता ना. त्या दिवशी पौल एकटा पडला, असेच अनेक अभ्यासकांचे मत आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात या प्रसंगाचा उल्लेखही नाही. तेथे यरुशलेमची सभा आणि तिने काढलेली तडजोड दिलेली आहे : परराष्ट्रीयांना सुंतेची सक्ती नको; मात्र त्यांनी मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले जनावर आणि व्यभिचार वर्ज्य करावा. या चारांपैकी तीन गोष्टी ताटातल्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे पंधराशे वर्षांनी हेच पत्र जर्मनीत मार्टिन ल्यूथरच्या हाती आले. तो १५०५ मध्ये मठात शिरला होता. उपास, जागरणे, पापकबुली यांनी त्याच्या जिवाला स्वस्थता लाभेना. माझ्यासारख्या पाप्याला देव दयाळू कसा भेटेल, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्याला पौलात सापडले. या पत्रावर त्याचा इतका जीव, की त्याला तो आपली पत्नी काटारिना हिची उपमा देई. याकोबाच्या नावावरच्या पत्रात कर्मांवाचून विश्वास निर्जीव असल्याचे म्हटले आहे. १५२२ च्या आपल्या प्रस्तावनेत ल्यूथरने त्या पत्राला गवताच्या काडीची किंमत दिली. ल्यूथरच्या त्या शोधाने असंख्य भयग्रस्त जिवांना धीर दिला, हे कोणी नाकारणार नाही. परंतु तेवढ्यात एक गोष्ट हातची निसटली. पौलाचा प्रश्न ‘आपण एकत्र कसे बसावे’ हा होता. तो आता ‘मी एकटा कसा तरावा’ असा झाला. ‘नियमशास्त्र’ या शब्दाचा अर्थ पुण्य साठवणारा यहुदी धर्म असा रूढ झाला, आणि त्याच ल्यूथरने १५४३ मध्ये यहुद्यांची प्रार्थनास्थळे जाळावीत असे सांगणारे पुस्तक लिहिले. कृपेचा एवढा मोठा उद्गाता, आणि त्याच्या पंगतीत पौलाच्या जातभाईंनाच जागा नाही. स्वीडनचे क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ मधील निबंधात आणि अमेरिकेचे ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मधील ग्रंथात या समजुतीची चिकित्सा केली. यहुदी धर्मातही आधी देवाची निवड व कृपा येते आणि आचार हा तिला दिलेला प्रतिसाद असतो, हे सँडर्स यांनी त्या काळच्या यहुदी ग्रंथांच्या आधारे दाखवले.

ल्यूथरच्या पंथाचे पहिले मिशनरी १७०६ मध्ये आपल्या देशात तरंगंबाडीला उतरले. केवळ कृपा, केवळ विश्वास हीच त्यांची शिकवण. तरीही पुढे तंजावरकडच्या मंडळ्यांत वरच्या जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनाचा पेला आधी त्यांच्याकडे जाई. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये हा भेद तत्काळ व कायमचा टाकण्याचे फर्मान काढले, तेव्हा पुष्कळांनी मंडळीच सोडली. जात ही लौकिक बाब, तिचा तारणाशी संबंध नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. विश्वासाने तारण होते हे त्यांना मान्यच होते. शेजारी बसणे तेवढे मान्य नव्हते. अंत्युखियाचा पेच येथे पुरता उघडा पडतो. कृपेची शिकवण पाठ असणे आणि पंगतीत टिकून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग आचार मोडण्याची सक्ती करावी काय? पौलाचे उत्तर तसे नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, केवळ भाजीपाला खाणाऱ्या भिडस्त बंधूला तुच्छ लेखू नका, आणि त्यानेही सर्व खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, असा त्याचा आग्रह आहे. खाण्याने भावाचे मन दुखावत असेल तर ते अन्नच सोडावे, इतपत तो जातो. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे सहज पटेल. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला, लक्ष्मीबाईंचा १९०० मधला. मधल्या काळात त्यांचे सोवळे गळून पडले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. पतीच्या हुकमाने पडले असते, तर तेही एक नवे नियमशास्त्रच झाले असते.

अंत्युखियात एकटा पडलेल्या पौलाने त्यानंतर काय केले, हे सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. मासेदोनिया, अखया, गलतिया येथील परराष्ट्रीय मंडळ्यांतून त्याने वर्गणी गोळा केली, ती यरुशलेमच्या गरिबांसाठी, म्हणजे याकोबाच्याच मंडळीसाठी. ज्यांच्या माणसांमुळे आपली पंगत मोडली, त्यांच्या चुलीसाठी तो वर्षानुवर्षे पैसा जमवीत होता. ग्रीक भाषेत कृपेला जो ‘खारिस’ शब्द तो वापरतो, तोच शब्द करिंथकरांच्या पत्रांत त्याने या वर्गणीलाही लावला आहे.

इ. स. ५७ च्या सुमारास तो पैसा घेऊन तो यरुशलेमला पोहोचला. इफिसचा त्रफिम नावाचा परराष्ट्रीय त्याच्याबरोबर शहरात दिसला होता. त्याला पौलाने मंदिराच्या आतल्या आवारात नेले, अशी बोलवा उठली. परराष्ट्रीयाने ही भिंत ओलांडल्यास त्याच्या मरणाला तो स्वतः जबाबदार राहील, असा ग्रीक लेख त्या आवाराच्या कठड्यावर कोरलेला असे. त्यातला एक दगड १८७१ मध्ये सापडला. तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. जमावाने पौलाला ओढून मारायला सुरुवात केली, रोमन शिपायांनी त्याला सोडवून बेड्या घातल्या, आणि तेथून त्याचा रोमपर्यंतचा बंदिवास सुरू झाला. यरुशलेमच्या मंडळीने ती वर्गणी हाती घेतली की नाही, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ स्पष्टपणे सांगत नाहीत. पौलाने ती तेथवर नेली होती, एवढे मात्र खरे.