ग्रीन टीने सूज खरंच उतरते का? जाणून घ्या

ग्रीन टी आणि आपला रोजचा चहा एकाच झाडाचा. (बांधावरचा गवती चहा वेगळा, ते गवत आहे.) ग्रीन टीची पानं तोडल्यावर लगेच वाफवतात किंवा कढईत भाजतात. त्यामुळे पानातले कॅटेचिन टिकतात. काळ्या चहात ते बरेचसे बदलून जातात. त्यातला मुख्य घटक म्हणजे ईजीसीजी.

जखम किंवा जंतुसंसर्ग झाला की मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असे पदार्थ सोडतात आणि सूज येते. हे पदार्थ बनवण्याचा हुकूम पेशीतलं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन देतं. ईजीसीजी त्याला आवर घालतं, असं प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर दिसलं आहे.

मात्र पेशींवर वापरलेलं प्रमाण बहुतेक वेळा चहा पिऊन रक्तात पोचणाऱ्या प्रमाणाहून कितीतरी जास्त असतं. माणसांवरच्या चाचण्यांचे निकालही एकसारखे नाहीत. म्हणून संधिवाताची गोळी बंद करून ग्रीन टीवर विसंबू नये.

अर्काच्या कॅप्सूल घेताना जास्त जपावं. कॅप्सूलमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी गेल्यास यकृतावर ताण दिसतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं.

चहामुळे जेवणातलं लोहही अंगी कमी लागतं. रक्त कमी असलेल्या महिलांनी तो जेवणासोबत न घेता तासाभराने घ्यावा.