आमच्या आळीचं दस्तक

मुंबईकराशी वाहतुकीवरून भांडायची आम्हा अलिबागकरांची परंपरा तीनशे वर्षांची आहे. ही बढाई नव्हे, इतिहास आहे. कान्होजी आंग्र्यांच्या काळात या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबताला आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे पैसे भरून घेतलेला परवाना लागे. मुंबईच्या इंग्रजांचं म्हणणं, आम्ही कंपनी सरकार, आम्हांला कसलं दस्तक? मग कान्होजी त्यांची जहाजं धरत आणि इंग्रज त्यांना चाचा ठरवून मोकळे होत. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. कान्होजी 1729 साली वारले, 1840 साली आंग्र्यांचं राज्यही खालसा झालं. त्यानंतर मुंबईकराला अडवण्याचं काम वडखळ नाक्याने आपल्या परीने पाहिलं.

पण मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. पूर्वी लाँचमधून नुसता माणूस उतरायचा; आता तासाभरात तो गाडीसकट उतरू लागला. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला आणि शिवडीहून समुद्रावरून थेट आपल्या जिल्ह्यात येण्याची सोय झाली. या साऱ्या प्रगतीचं शेवटचं टोक म्हणजे किहीमच्या अलीकडची आमची आळी.

आळीच्या टोकाला भाताची खाचरं होती. तिथे चोवीस बंगल्यांचं संकुल उभं राहिलं. त्याचं नाव इटालियन आहे, म्हणून आळीत सगळे त्याला 'चोवीस' म्हणतात. बंगल्यामागे दोन गाड्या, शिवाय खडीचे डंपर आणि पाण्याचे टँकर. आणि आळीची रुंदी नऊ फूट!

हे नऊ फूट कुणा इंजिनिअरने आखलेले नाहीत. आजोबांच्या तरुणपणी तिथे तीन फुटांची पायवाट होती. एका पावसाळ्यात शेजारी माणूस गेलं आणि तिरडी वाटेत अडकली. खांदेकऱ्यांना गडग्यावर चढून ती पार करावी लागली. तेरावा झाल्यावर आजोबांनी आणि समोरच्या काकांनी आपापला गडगा दोन-दोन हात मागे घेतला. कागद नाही, सही नाही. तिरडी आणि दोन्ही बाजूंचे खांदेकरी मोकळे चालले पाहिजेत, एवढंच माप.

बिल्डरच्या माणसाला सहा मीटर हवे होते. म्हणजे आमच्या अकरा पोफळी, समोरची विहीर आणि आक्कांची पडवी. देवळात बैठक बसली. चोविसांतले एक निवृत्त साहेब म्हणाले, "रस्ता सार्वजनिक आहे." आक्का म्हणाल्या, "म्हणूनच तो तुमच्या एकट्याचा नाही." साहेब चिडून म्हणाले, "मला एवढं कळत नाही? मी काय अलिबागहून आलोय?" क्षणभर शांतता, मग सगळं देऊळ हसलं. या वाक्प्रचाराविरुद्ध कुणी मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं आणि 2019 साली न्यायालयाने ती याचिका फेटाळली, हे आम्हांला ठाऊक होतं. बैठक मोडली, पण हसून मोडली.

पुढच्याच रविवारी संध्याकाळी आक्कांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स आळीच्या तोंडाशी आणि समोर शेवटची रो-रो गाठायला निघालेल्या अकरा गाड्या! सर्वांत पुढे साहेब. ते खाली उतरले, एकेका काचेवर टकटक करत पार शेवटपर्यंत गेले आणि शेपटाकडून गाड्या मागे घ्यायला लावल्या. आळीतली पोरं बॅटऱ्या धरून वाट दाखवत होती. अकराही जणांची बोट चुकली. आक्का वाचल्या.

आजोबांनी गडगा मागे घेतला होता, साहेबांनी गाडी. मला तर दोन्हींत फरक दिसला नाही.

दुसरी बैठक पाऊण तासात संपली. समोरासमोरच्या गाड्यांना बाजू देण्यासाठी दोन ठिकाणी बगल काढायची ठरली. एकीसाठी आमच्या दोन पोफळी गेल्या, दुसरीसाठी चोविसांच्या हिरवळीचा कोपरा. शाळेच्या वेळात डंपर बंद. आणि मोठी गाडी सोडण्यापूर्वी संकुलाच्या वॉचमनने आळीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवाल्याला मिसकॉल द्यायचा. तो परत आला, तरच गाडी सुटणार. साहेबांना आक्कांनी पांढऱ्या कांद्याची माळ दिली. तीनशे वर्षांनी का होईना, मुंबईकराने अलिबागकराकडून दस्तक घेतलं!

परवा मी वाडीतले नारळ भरलेला टेम्पो घेऊन आळीतून निघालो. मध्यावर टँकर समोर आला. टपरीवाला धावत आला. "मिसकॉल कुठाय?"

मी म्हटलं, "मी याच आळीतला. मला कसला मिसकॉल?"

"कंपनी सरकारपण असंच म्हणायचं," तो म्हणाला.

मी मुकाट्याने टेम्पो मागे घेतला.