पीजचें दूरदर्शन

दूरदर्शन ही शहराची चैन, असा समज आपल्याकडे एके काळीं दृढ होता. आणि तो अगदींच निराधार होता असें नाहीं. दिल्लीस तें १९५९ सालीं व मुंबईस १९७२ सालीं सुरू झालें, आणि मुख्यत्वें शहरवासीयांच्या दिवाणखान्यांतच रुळलें. परंतु १९७५ सालीं, कलकत्ता व मद्रास यांनाही तें नुकतेंच लाभत असतां, गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांत पीज नामक गांवीं एक किलोवॅट शक्तीचें प्रक्षेपक यंत्र उभें राहिलें.

अवकाशविद्येचा लाभ प्रथम खेड्यांस व्हावा, हा कै. विक्रम साराभाई यांचा आग्रह होता. त्यास अनुसरून १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारें २,४०० गांवांस अमेरिकन उपग्रहाच्या द्वारें कार्यक्रम दाखविण्यांत आले. मुदत संपतांच उपग्रह निघून गेला. पीजचें यंत्र आपलें होतें, तें राहिलें.

सुमारें ४०० गांवांतून सार्वजनिक संच बसविण्यांत आले, व त्यांतील पुष्कळसे दूध मंडळ्यांच्या घरीं. ही योजना मोठी मार्मिक होय. १९४६ सालीं स्थापन झालेल्या दूध संघामुळें त्या जिल्ह्यांत गांवोगांवीं मंडळीचें घर होतें, आणि दूध घालावयास लोक तेथें नित्य येतच. नवी सभा भरविण्याचें कारणच उरलें नाहीं.

कार्यक्रम अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रानें तयार करावे, पण ते चरोतरच्या बोलींत, आणि शक्य तेथें तेथीलच लेखक व नट घेऊन. ‘चतुर मोटा’ ह्या मालिकेंत हुंडा व विधवाविवाह हे प्रश्न आले. शेतमजुराच्या मजुरीचा प्रश्न तर याहूनही नाजूक. कारण पाहणारांत मजूर असत, तसे जमीनदारही असत. दुरून आलेल्या कार्यक्रमांत असा प्रश्न सौम्य वाटतो, आपल्याच तालुक्याच्या नांवानिशीं आला म्हणजे तो बोचतो. केंद्राचे संशोधक गांवांत जाऊन, कोणास काय कळलें व काय रुचलें नाहीं, याचीही विचारपूस करीत.

युनेस्कोनें १९८४ सालीं या उपक्रमास ग्रामीण संज्ञापनाचें पारितोषिक दिलें. एवढा गौरव झाल्यावर तो वाढेल, अशी कोणाचीही अपेक्षा असावी. परंतु १९८५ च्या सुमारास, ग्रामस्थांचा विरोध असतांही, पीजचें प्रक्षेपण बंद पडलें. अहमदाबादचें प्रक्षेपण त्या गांवांस पुरेसें आहे, असें ठरलें. चित्र दिसण्यापुरतें तें पुरेसें होतेंच.